काजूच्या बोंडांचा चोथा रोज 35 किलो, काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतेय. आम्ही दोडामार्गजवळ असतो, यंदापासून मी आणि जाऊबाई काजूच्या बोंडांचं सरबत करतोय. बी विकली जाते पण बीच्या कितीतरी पट वजनाची बोंडं झाडाखाली कुजून जातात, ते बघवत नव्हतं म्हणून सुरू केलं. रोज 100 किलो बोंडं स्क्रू प्रेसमध्ये दाबतो, रस छान निघतो, साबुदाण्याची पेज घालून तुरटपणा काढतो, तिथं काही अडचण नाही. अडचण चोथ्याची! शेडमागे ढीग घातला की एप्रिलच्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी सकाळीच दारूसारखा वास, चिलटं नुसती. आणि परवा शेजाऱ्यांची गाभण गाय दावं तोडून आली, ढिगातलं पोटभर खाल्लं, संध्याकाळी पोट फुगून बसली ती उठेचना. डॉक्टर आले, वाचली, पण मला रात्रभर झोप नाही.

गांडूळखताच्या बेडमध्ये थेट टाकून पाहिला तर गांडुळं बाहेर आली, बरीच मेली. गुरांना कोणी देतं का, कसा? फेकायचा नाहीये हो, फळ वाया जाऊ नये म्हणून तर हा सगळा खटाटोप.

प्रतिसाद १: ताई, ढिगातला आंबलेला अजिबात नको. साखर असते, आंबून दारू होते आणि एकदम खाल्लं की गुराच्या पोटात आम्ल वाढतं. आम्ही प्रेसमधून निघाल्या निघाल्या कातळावर ताडपत्री टाकून पातळ पसरतो, कडक वाळला की गोणीत भरतो. मग पेंढ्यात मिसळून मूठभरापासून सुरुवात, तुरटपणा चोथ्यात राहतोच म्हणून थोडाच. गाभण गाईला देऊच नका, बाकी गुरांचंही त्या डॉक्टरांना विचारून घ्या.

प्रतिसाद २: गांडुळांना ताजा चोथा सोसत नाही, आंबट असतो आणि कुजताना तापतो. पातेरा (वाळलेला पालापाचोळा), चोथा, शेणकाला असे थर लावा, पातेरा चोथ्याच्या दुप्पट तरी हवाच. चार दिवसांनी खालीवर करा. वास आला म्हणजे ओल जास्त झाली, अजून पातेरा घाला. ढीग तापून पूर्ण गार झाला की मगच गांडुळं सोडा.

धन्यवाद दोघांनाही! तो ढीग आज संध्याकाळीच मोडते. पातेरा बागेत काजूचाच आहे, तो चालेल ना? की आधी बारीक करून घ्यावा लागेल, पावसाच्या आत खत व्हायला हवंय.