सोसायटीतलं हॅलोविन, २०२० : मुलांसाठी सुरक्षित कसं करायचं?

प्रश्न (कोथरूड) :
मंडळी, यंदा ३१ ऑक्टोबर शनिवारी येतोय. सोसायटीत चार ते अकरा वर्षांची अठरा मुलं आहेत, कोरोनामुळे सात महिने घरात कोंडलेली. दारोदार चॉकलेटं मागत फिरायचं नाही हे ठरलंय. मग काय करावं? भुताच्या मुखवट्याखाली वेगळा मास्क लागतो का? आणि आपला लाल भोपळा कोरता येतो का?

प्रतिसाद (सहकारनगर) :
प्लॅस्टिकचा मुखवटा मास्कचं काम करत नाही. नाका-तोंडाशी भोकं असतात, कडाही मोकळ्या. पण दोन्ही एकावर एक चढवू नका. ऑक्टोबरच्या उकाड्यात मूल गुदमरतं आणि सारखं बोटांनी मास्क खाली ओढतं. मास्कच वेशाचा भाग करा. तीन पदरी सुती मास्कवर बाहेरून दात रंगवा किंवा ममीच्या पट्ट्या शिवा. घामाने ओला झाला की बदलायला दुसरा हवा. चेहरा रंगवायचा तर कपाळ आणि गालांचा वरचा भाग तेवढाच, पोस्टर कलर अजिबात नको. रंग आदल्या दिवशी कोपराच्या आत लावून पाहा.

सगळ्यात महत्त्वाचं : सॅनिटायझरमध्ये साधारण ७० टक्के अल्कोहोल असतं, ते भक्कन पेटतं आणि ज्योत नीट दिसतही नाही. हात ओले, अंगावर नायलॉनचा झगा आणि शेजारी पणती, हे एकत्र येता कामा नये. सेलवरचे दिवेच लावा. हात साबणाने २० सेकंद धुवावेत, खाऊ घरी गेल्यावरच उघडावा.

प्रतिसाद (रविवार पेठ) :
भोपळा जरूर कोरा. मंडईतून तीन-चार किलोचा, बुडाशी सपाट असलेला घ्या. भोक वरून नाही, बुडातून पाडा. वरचं झाकण सुकून आक्रसतं आणि आत पडतं. आपल्या भोपळ्याचा गर जाड असतो, म्हणून चेहऱ्याच्या बाजूने डावाने खरवडून भिंत इंचभर ठेवा, नाहीतर सुरी अडकते आणि निसटते. चेहरा मुलांनी मार्करने काढायचा, कापायचं मोठ्यांनी. शनिवारी सकाळीच कोरा. या हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. खरवडलेल्या गराचे घारगे करा : दोन वाट्या कीस, एक वाटी गूळ, मावेल तेवढी कणीक.

प्रतिसाद (औंध) :
क्लबहाउसमध्ये भूतबंगला करू नका. किंचाळताना तोंडातून तुषार जास्त उडतात, बंद खोलीत ते साठून राहतात. तिथे सहा फुटांचं अंतरही पुरत नाही. त्यापेक्षा उघड्यावर मूक भूतशोध ठेवा. पांढऱ्या कागदाची वीस भुतं कंपाउंडच्या भिंतीवर आणि झाडांवर चिकटवा. सहा मुलांचा एक गट, हातात टॉर्च, वेळ वीस मिनिटं. बोलायचं नाही, भूत सापडलं की टाळी. सातला सुरू करा, तोवर अंधार पडतो. कोजागरी शुक्रवारी आहे, त्यामुळे शनिवारीही चंद्र भरलेलाच असेल.

खाऊसाठी चार इंची पीव्हीसी पाइप, दहा फुटी, पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या कठड्याला तिरका बांधा. वरून पुडी सोडली की खाली मुलाच्या पिशवीत. उतार कमी पडला तर पुडी मध्येच अडकते, म्हणून वरचं टोक खालच्यापेक्षा निदान पाच फूट उंच हवं. चिक्की सरकते, काडीचं लॉलीपॉप आडवं होतं.

प्रश्नकर्ता (कोथरूड) :
नळाच्या कामातून उरलेला पाइप चालेल?

प्रतिसाद (औंध) :
कोरा असेल तर चालेल, सांडपाण्याला वापरलेला नको. कापलेली कड पॉलिशपेपरने घासून घ्या, मुलं तिथे हात घालतातच.