सातवा महिना, शिंकलं की लघवी गळते. मदत हवी आहे

नमस्कार मैत्रिणींनो,

माझं पहिलंच बाळंतपण आहे, २९वा आठवडा चालू आहे. बाळाची वाढ, बीपी, साखर सगळं व्यवस्थित आहे. त्रास एकच, आणि तो कुणापाशी बोलावा तेच कळत नाही. शिंकले, खोकले, जोरात हसले किंवा खाली बसून उठले की लघवीचे थेंब गळतात. कधी थेंब, कधी त्याहून जास्त.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. खडूची पूड नाकात गेली की शिंकांची रांग लागते. फळ्याकडे तोंड करून, पायाला पाय घट्ट लावून शिंकते, तरी ओलं व्हायचं ते होतंच. मग ओढणी नीट पसरून तास संपेपर्यंत खुर्चीत बसून राहायचं. मुलं लहान आहेत, त्यांना काही कळत नाही, पण माझं निम्मं लक्ष कपड्यांकडे असतं. शाळेचं स्वच्छतागृह मैदानाच्या पलीकडे आहे, वर्ग सोडून सारखं जाता येत नाही.

आई म्हणते, "होतं गं, बाळंत झालीस की जाईल." सासूबाईही तेच म्हणतात. पण परवा जाऊबाई हळूच म्हणाल्या, की त्यांचा मुलगा आता पाचवीत आहे आणि त्यांना अजूनही खोकताना जपावं लागतं. इतकी वर्षं त्या कुणाला बोलल्या नाहीत. ते ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे. तपासणीला जाते तेव्हा बाहेर एवढी गर्दी असते, की वजन आणि बीपी होईतो पुढचं नाव पुकारतात.

मला विचारायचंय ते असं: हे लघवीच आहे की गर्भजल, हे ओळखायचं कसं? शाळेच्या दिवशी पाणी कमी प्यायलं तर चालेल का? किगलचे व्यायाम (खालचे स्नायू आवळण्याचे) सातव्या महिन्यात सुरू केले तर उपयोग होतो का, आणि ते नक्की कसे करायचे? व्हिडिओ बघून काहीच उमगलं नाही. आणि पॅड कुठले वापरायचे?

– अबोली

---

अबोली, आधी गर्भजलाचं बोलते, कारण त्यात थांबायचं नसतं. लघवी शिंकेसरशी येते आणि थांबते, तिला रंग आणि ओळखीचा वास असतो. पाणमोट फुटली किंवा तिला बारीक छिद्र पडलं तर पाणी शिंकेविना येतं, झोपलेली असतानाही पाझरतं, आणि त्याला लघवीचा वास नसतो. कोरडं पॅड लावून थोडा वेळ आडवी हो. काहीच न करता पॅड ओलं झालं तर तडक दवाखाना गाठ. पाणी हिरवट किंवा तपकिरी दिसलं, रक्त दिसलं, पोट आवळून येऊ लागलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर पॅडची परीक्षाही करत बसू नकोस. ३७ आठवड्यांच्या आत पाणी जाणं ही गंभीर गोष्ट आहे. मनात नुसती शंका असली तरी रात्री-अपरात्री गेलीस म्हणून कुणी रागावणार नाही. गाडीची सोय नसेल तर १०८ लाव.

दुसरं, लघवीची तपासणी आणि कल्चर, म्हणजे लघवीत जंतू आहेत का ते बघणारी तपासणी, करून घे. गरोदरपणात जळजळ नसतानाही जंतुसंसर्ग असू शकतो. तो अंगावर काढला तर मूत्रपिंडापर्यंत जातो, आणि दिवस भरण्याआधी कळा येण्याचा धोकाही वाढतो. ताप, थंडी, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, यातलं काही असेल तर त्याच दिवशी दाखव.

– गोदाकाठ

---

माझ्या दोन्ही वेळेला असंच झालं होतं. पाणी तोडू नकोस गं! मी तोडलं होतं. लघवी घट्ट आणि पिवळीजर्द झाली, तिने घाई अजूनच वाढली, वर बद्धकोष्ठ झाला. शौचाला जोर काढला की खालच्या स्नायूंवर पुन्हा तोच ताण. त्यापेक्षा चहा एक कप कमी कर, तासाच्या आधी जाऊन ये. मुख्याध्यापकांना सांगून शेजारच्या वर्गावरच्या बाईंशी ठरवून टाक, की मधल्या वेळात त्यांनी दोन्ही वर्ग बघायचे. कारण "गरोदर आहे" एवढं पुरेसं आहे, जास्त सांगायची गरज नाही.

पॅडचं म्हणशील तर पाळीचे पॅड लघवी पटकन शोषत नाहीत, वरून ओले राहतात आणि जांघेत पुरळ येतं. मेडिकलमध्ये लघवीच्या गळतीसाठीचे वेगळे पॅड मिळतात, ते माग. ओलं झालं की बदल. धुवायला साधं पाणी पुरे, सुगंधी वॉश नको. आत घालायचं काहीही, टॅम्पॉन वगैरे, वापरू नकोस.

– रानमोगरा

---

यावर सिझर हाच उपाय आहे असं माझ्या मावशीचं मत. खालचे स्नायू ताणलेच जात नाहीत ना.

– पारिजात

---

पारिजात, एवढ्यासाठी कुणी सिझरचा विचार करू नये. नैसर्गिक प्रसूतीनंतर गळतीचं प्रमाण जास्त दिसतं हे खरं, पण सिझर झालेल्यांनाही हा त्रास होतो. नऊ महिने गर्भाशयाचं वजन आणि संप्रेरकांनी सैलावलेल्या ऊती, हा भार दोघींनाही सारखाच.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, गरोदर बायकांबरोबरच काम करते. अबोली, सातवा महिना म्हणजे उशीर अजिबात नाही. चारचौघांत बसलेलं असताना वारा सरू नये म्हणून आपण मागची जागा जशी आवळतो, तशी आवळा. मग तोच आवळ पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा आणि सगळं आत-वर उचला. पोट, मांड्या, कुल्ले सैल हवेत, श्वास चालू हवा. श्वास रोखला गेला तर ताण उलटा खाली जातो. काही सेकंद धरा आणि पूर्ण सोडा. सोडणंही आवळण्याइतकंच महत्त्वाचं आहे. एका वेळी ८ ते १०, दिवसातून तीनदा. शेवटी थोडे झटपट आवळ-सोड. पाठीवर बराच वेळ झोपू नका, खुर्चीत बसून किंवा कुशीवर करा. लघवी करताना धार मध्येच थांबवून सराव करू नका, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही. फरक जाणवायला तीनेक महिने लागतात, म्हणून आजच सुरू करा आणि बाळंतपणानंतरही चालू ठेवा.

एक गोष्ट मात्र लवकर जमेल. नाकात शिंक चढतेय असं कळलं, की शिंकेच्या आधी आवळा आणि शिंक होईपर्यंत धरून ठेवा. पाय जुळवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त. खाली बसून उठताना, पिशवी उचलतानाही तेच. आणि शिंकांवर गरोदरपणात चालणारं औषध डॉक्टरांना विचारा. डस्टरच्या जागी ओला फडका वापरून फळा पुसला तरी धूळ कमी उडेल.

हे व्यायाम १९४८ साली अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड किगल यांनी लिहून मांडले, म्हणून ते नाव. गरोदरपणातच सुरू केले तर शेवटच्या महिन्यांतली आणि बाळंतपणानंतरची गळती कमी होते हे अभ्यासांतून दिसलं आहे. मला एकाच गोष्टीचा राग येतो. "होतंच" म्हणून बायकांना गप्प बसवलं जातं. होतं, ते खरं आहे. पण त्यावर उपचार आहेत, हे पुढचं वाक्य कुणी सांगत नाही.

– सायली_फिजिओ

---

सगळ्यांचे मनापासून आभार. पॅड लावून आडवी होऊन पाहिलं, कोरडं राहिलं. तपासणीला एका चिठ्ठीवर लिहून नेलं होतं, "शिंकताना लघवी गळते, कल्चर करावं का?" आणि चिठ्ठीच डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांनी नीट वाचली, तपासलं, गर्भजल नाही म्हणाल्या, आणि लघवी तपासायला पाठवली. अहवाल यायचाय.

सायलीताई, जाऊबाईंना हा धागा दाखवला. इतक्या वर्षांनी व्यायामाने फरक पडेल का, असं त्या विचारताहेत.

– अबोली

---

नक्की पडतो. पण त्यांनी नुसतं वाचून सुरू करू नये. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावं, गर्भाशय किंवा मूत्राशय खाली उतरलंय का ते कळायला हवं. मग फिजिओथेरपिस्टने आवळ बरोबर पडतोय ना हे तपासलेलं बरं, कारण बऱ्याच जणी आवळण्याऐवजी खाली जोर देतात. निदान तीन महिने नियमित करूनही फरक नाही, तर त्यापुढे औषधं आहेत, योनीत बसवायची रिंग आहे, शस्त्रक्रियाही आहे. आणि लघवी अडकणं किंवा मांड्यांच्या मध्ये बधिरपणा असं काही तुम्हा दोघींपैकी कुणालाही वाटलं तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात जा.

अबोली, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांच्या तपासणीलाही अशीच चिठ्ठी न्या.

– सायली_फिजिओ