मदत हवी आहे: बाजारपेठेची फाईल पुढं कशी सरकवायची?

आमच्या कर्नाटकातल्या तालुक्याच्या गावची जुनी भाजी मंडई पाडून नवीन बांधायचं ठरलंय, तसा ठराव पण झालाय, तरी फाईल हलंना. गटाराच्या पाण्यात फळ्या टाकून बायका भाजी विकतात बघा, पावसात तर विचारूच नका. नगरपालिकेच्या चीफ ऑफिसरना सह्यांचं निवेदन दिलंय, नगरसेवक म्हणतात वरून मंजुरी यायची आहे, आता वरून म्हणजे कुठनं ते कोण सांगंना. १० रुपये भरून माहिती अधिकारात विचारलं, ३० दिवस उलटले तरी उत्तर नाही. गाळेवाल्यांचा विरोध नाही, तात्पुरती जागा लेखी द्या एवढंच म्हणतात. कोर्टात जायची ऐपत नाही. मग आधी पहिलं अपील करू की थेट डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला जाऊ, आणि तिथं मराठी अर्ज घेतात का, कन्नडमध्येच द्यायचा?