मदत हवी आहे : बंगल्यावर बाळ सांभाळते, सुट्टी आणि जादा पैसे कसे मागू?

नमस्कार. अलिबागजवळ मुंबईच्या एका श्रीमंत कुटुंबाच्या बंगल्यावर मी बाळ सांभाळते. वेळ ठरली होती सकाळी ९ ते ६. पण शुक्रवारी पाहुणे मांडव्याला बोटीतून उतरले की मला रात्रीही थांबवून घेतात, वर पाहुण्यांची पोरंही माझ्याच गळ्यात. जादा पैसे नाहीत. मऊभात भरवताना झबल्यावर एक शीत पडलं तरी मॅडम सगळ्यांसमोर बोलतात. बाळ माझ्याच खांद्यावर झोपतं, म्हणून काम सोडवत नाही.

२००८च्या घरेलू कामगार कायद्यात १८ ते ६० वयापर्यंत नोंदणी होते. रायगडात कुणी केली आहे का? कागद कोणते लागले? आणि सुट्टी, रात्रीचे पैसे मालकांकडून लिहून कसे घ्यावेत? घरी गणपती असतो, त्याआधी बोलायचं आहे.