मदत हवी आहे : लिम्फोमावर किमो सुरू असलेल्या वडिलांना द्राक्षबागेपासून किती आणि कसे लांब ठेवावे?

नमस्कार,

माझे वडील अडुसष्ट वर्षांचे असून तासगाव तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे. त्यांना लिम्फोमाचे, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचे निदान झाले असून मिरजेत किमो सुरू झाली आहे. डॉक्टरांवर आमचा पूर्ण विश्वास आहे आणि उपचारांविषयी दुसरे मत मागण्यासाठी मी हे लिहीत नाही. अडचण घरातली आहे. फळछाटणी तोंडावर आली आहे, अण्णा बागेत जाण्याचा हट्ट धरून बसले आहेत आणि त्यांना कोणत्या दिवशी थांबवावे, कोणत्या दिवशी जाऊ द्यावे, हे आम्हाला ठरवता येत नाही. ज्यांनी आपल्या आईवडिलांना या उपचारांतून नेले आहे, विशेषतः ज्यांचे घर शेतीवर चालते, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. उन्हाळ्यात त्यांच्या मानेला उजव्या बाजूने गाठ आली. ती दुखत नव्हती, त्यामुळे बरेच दिवस त्यांनी ती कोणाला दाखवलीही नाही. पुढे एका दवाखान्यात सुईने नमुना घेऊन तपासणी झाली आणि तेवढ्यावरच टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. गाठ कमी होण्याऐवजी वाढत गेली, वजन उतरले आणि रात्री घामाने बनियन पिळून काढण्याइतके भिजू लागले, तेव्हा आम्ही सांगलीला आणून ती गाठ पूर्ण काढून बायोप्सी करून घेतली. आपल्याकडे टीबीचे प्रमाण एवढे आहे की मानेतली गाठ पाहून डॉक्टरांच्या मनात तो विचार आधी येणे स्वाभाविक आहे. तरीही ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल आणि गोळ्यांनी गाठ बसत नसेल, त्यांनी गाठ काढून होणाऱ्या बायोप्सीचा आग्रह धरावा, असे मला मनापासून वाटते. लिम्फोमाचा नेमका प्रकार सुईच्या नमुन्यावरून बहुतेक वेळा ठरत नाही.

अण्णांचा प्रकार ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा’ हा निघाला. तो वेगाने वाढणारा आहे, परंतु पूर्ण बरा होण्याची शक्यताही त्यात चांगली असते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. पेट स्कॅनमध्ये मानेबरोबर पोटातल्या गाठीही दिसल्या, म्हणून तिसरा टप्पा धरला आहे. दर एकवीस दिवसांनी एक, अशा सहा सायकल द्यायच्या आहेत. पहिल्या दिवशी रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड औषध आणि किमोची तीन औषधे सलाइनमधून जातात आणि त्या दिवसापासून पाच दिवस प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या असतात. किमोच्या औषधांपैकी डॉक्सोरुबिसिन हृदयावर परिणाम करू शकते, म्हणून आधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली आणि रिटुक्सिमॅबमुळे शरीरात सुप्त असलेला काविळीचा विषाणू उसळू शकतो, म्हणून हिपॅटायटिस बीची तपासणीही झाली. लाल रंगाच्या डॉक्सोरुबिसिनने एकदोन दिवस लघवी लालसर होते, हे परिचारिकेने आधीच सांगितल्यामुळे घरी कोणी घाबरले नाही. अशा लहानशा सूचनेने किती धीर येतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

आजाराचे नाव अण्णांना सांगितले आहे. काकांचे मत वेगळे होते. नाव कळले की माणूस खचतो, असे ते म्हणत होते. परंतु पीककर्जाचा कागदसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय सही न करणाऱ्या माणसापासून संमतिपत्रावरचे नाव लपवणे मला अपमानाचे वाटले. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो छाटणीचा.

आता मूळ प्रश्नाकडे येते. गोळ्यांचे पहिले पाच दिवस अण्णा अतिशय उत्साहात असतात. त्यांना झोप येत नाही, भूक लागते आणि पहाटेच बागेत चक्कर मारायची असते. गोळ्या थांबल्या की अंग गळून जाते. दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशींचे काउंट उतरतात, पण तोवर त्यांना पुन्हा थोडे बरे वाटू लागलेले असते. म्हणजे त्यांना स्वतःला ज्या दिवशी ठीक वाटते तो दिवस सुरक्षित असेलच, असे नाही, आणि नेमके हेच त्यांना पटवून देता येत नाही. ‘मला काही होत नाही, तुम्ही मला आजारी पाडताय,’ असे ते म्हणतात तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी येते आणि भाऊ चिडतो.

त्यात छाटणीची कामे अशी, की प्रत्येकात काही ना काही धोका दिसतो. कात्रीने बोट कापले जाण्याची भीती आहे आणि किमोतल्या विन्क्रिस्टिन या औषधामुळे त्यांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या आहेत. सदऱ्याची वरची दोन बटणे आता त्यांना लावता येत नाहीत. छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड या रसायनाची पेस्ट लावतात, ते तर धडधाकट माणसानेही हातमोज्यांशिवाय करू नये असे काम. पुढे डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांवरच्या फवारण्या सुरू होतात. आमचे घर मळ्यातच असल्याने फवारणीचा ब्लोअर फिरला की वास थेट पडवीपर्यंत येतो. दुसरीकडे, त्यांना पूर्णपणे घरात बसवले तर त्यांच्या मनाचे काय होईल, याची मला तितकीच काळजी वाटते. बागेची वही आजही तेच लिहितात. छाटणीपासून कितव्या दिवशी कोणती फवारणी, कधी घडांची विरळणी, कधी डिपिंग (घड औषधात बुडवणे), हे सगळे गेल्या कित्येक वर्षांचे त्यांच्या अक्षरात आहे.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला एकटीला विचारली : ‘इतकी वर्षं औषधं मारली, त्यानं झालं का गं हे?’ याचे खरे उत्तर काय द्यावे? शिवाय आत्याने गुळवेलीचा काढा पाठवला आहे आणि तो द्यावा की न द्यावा, यावरून घरात दोन तट पडले आहेत. सविस्तर लिहावे लागले, त्याबद्दल क्षमस्व.

प्रतिसाद १

ताई, आम्ही कोरेगाव तालुक्यातले. आमचे आल्याचे पीक असते. माझ्या आईला हाच लिम्फोमा होता आणि तिचे उपचार कऱ्हाडला झाले, त्यामुळे तुम्ही लिहिलेले प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटले.

तुम्ही शेवटी ज्या वहीचा उल्लेख केला आहे, तीच मला या प्रश्नाची किल्ली वाटते. द्राक्ष बागायतदार छाटणीपासून दिवस मोजतो. कितव्या दिवशी वेल नाजूक असते आणि कितव्या दिवशी काय केलेले चालत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. किमोही तशीच दिवसांवर चालते. वडिलांना एक नवी वही द्या आणि तिच्यात सलाइनच्या दिवसापासून मोजणी त्यांनाच करू द्या. रोजचे तापमान, साखर, वजन, शौचास झाली की नाही, हे त्यांच्याच हाताने लिहिले जावे. साधारण सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत काउंट सर्वांत खाली असतात आणि तिसऱ्या आठवड्यात ते सावरतात, हे डॉक्टरांकडून त्यांच्या समोर वदवून घ्या. मुलांनी घातलेला निर्बंध आणि स्वतःच्या वहीत दिसणारा निर्बंध यांत फार फरक पडतो. आई आमच्या सांगण्याने घरात थांबत नसे. काउंटचा कागद स्वतः वाचू लागली तेव्हा थांबू लागली.

अंगमेहनतीचे काम पूर्ण बंद करावे, परंतु निर्णय त्यांच्याकडून काढून घेऊ नयेत. काडीच्या कोणत्या डोळ्यात घड आहे हे सांगणारा काडी तपासणीचा अहवाल घरी येतोच. कोणत्या डोळ्यावर छाटायचे, हे त्यांनी ठरवावे आणि टोळीला फोनवर त्यांनीच सांगावे. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांची परवानगी घेऊन, फवारणी नसलेल्या दिवशी सकाळी बांधापर्यंत फेरी मारायला हरकत नसावी. पायांत बूट असावेत, मातीत आणि शेणखतात हात घालू नये. त्यांना मधुमेह असल्यास गोळ्यांच्या पाच दिवसांत उपाशीपोटीच्या साखरेवर विसंबू नका. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर दुपारनंतर चढते, म्हणून संध्याकाळीही तपासावी.

प्रतिसाद २

मी सांगलीत कर्करोग रुग्णांच्या डे-केअर विभागात परिचारिका आहे. वरील प्रतिसाद योग्य आहे. त्यात काही गोष्टींची भर घालते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ताप. थर्मामीटरवर १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक दिसले, अथवा ताप नसतानाही हुडहुडी भरली, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्री कितीही वाजता निघावे. पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्ग काही तासांत गंभीर होऊ शकतो आणि अशा वेळी प्रतिजैविक शक्यतो रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात सुरू व्हावे लागते. मळ्यातून निघायचे असल्याने गाडी कोणाची, चालवणार कोण आणि जायचे कोणत्या रुग्णालयात, हे आजच ठरवून ठेवा. रुग्णाला किमो सुरू आहे आणि शेवटची सायकल अमुक तारखेला झाली, असे डॉक्टरांच्या सहीचे पत्र फाईलच्या पहिल्या पानावर असावे. तातडीच्या विभागातल्या नव्या डॉक्टरांना ते पाहून लगेच अंदाज येतो.

मुंग्यांबद्दल पुढच्या सायकलपूर्वी नक्की सांगा, कारण बटणे लावता येत नाहीत ही माहिती ऐकून डॉक्टर विन्क्रिस्टिनची मात्रा बदलण्याचा विचार करतात. पुष्कळ रुग्ण ‘थोड्या मुंग्या येतात’ एवढेच सांगतात आणि त्यातून त्रासाची तीव्रता कळत नाही. त्याच औषधाने बद्धकोष्ठही होते. ते अंगावर काढू नये.

काढा देऊ नका. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नोंदवले आहेत, आणि किमोच्या काही औषधांचा निचरा यकृतातूनच व्हायचा असतो. आत्यांना हे सांगताना डॉक्टरांचे नाव पुढे करा, म्हणजे त्यांचे मन दुखावणार नाही.

औषधांच्या फवारणीचा प्रश्न अवघड आहे, पण त्याला प्रामाणिक उत्तर देता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लिंडेन या कीटकनाशकाचा नॉन-हॉजकिन लिम्फोमाशी (अण्णांचा प्रकार याच गटातला) असलेला संबंध सिद्ध मानला आणि ग्लायफोसेट या तणनाशकाला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले. तरीही एका विशिष्ट माणसाचा आजार कशामुळे झाला, हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही, आणि फवारणी कधीही न केलेल्या लोकांनाही हा आजार होतो. त्यांना एवढे सांगावे आणि पुढे भावाने व मजुरांनी तोंडाला मास्क, हातात मोजे घालूनच फवारावे, असा नियम त्यांच्याच तोंडून घालून घ्यावा.

खर्चाविषयी आपण लिहिलेले नाही, तरी सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेच्या मदतनीसांना भेटा आणि उरलेल्या सायकलींच्या पूर्वमंजुरीबद्दल विचारा.

मूळ लेखिकेचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. प्रतिसाद अण्णांना वाचून दाखवले. वहीची सूचना त्यांना लगेच पटली. स्तंभ त्यांनी स्वतः आखले आणि ‘काउंट’ या स्तंभाला बागेच्या वहीत पावसाच्या नोंदीला असते तशी लाल रेघ मारली. बटणांबद्दल डॉक्टरांना सांगितले असून पुढच्या वेळी मात्रा कमी करण्याचे ठरले आहे. काढा परत पाठवलेला नाही, परंतु देतही नाही.

छाटणी तिसऱ्या आठवड्यात येईल अशी तारीख अण्णांनीच पुढे सरकवली आहे. पेस्टच्या कामाचे दिवस आणि प्रत्येक सायकलचा दुसरा आठवडा ते माझ्याकडे सांगलीत राहतील. येथून रुग्णालयही जवळ पडते. फवारणीविषयी त्यांना जसे आहे तसे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि नंतर त्यांनी भावाला मास्कची खोकी आणायला सांगितली.

एक प्रश्न मात्र उरतो. आमच्या ब्लोअरची वेळ आमच्या हातात आहे, परंतु दोन्ही बाजूंच्या बागा शेजाऱ्यांच्या आहेत आणि पावसाळी हवा झाली की ते पहाटे कधीही फवारणीला निघतात. आजाराची चर्चा गावभर होऊ न देता, फवारणीपूर्वी तासभर आधी कळवण्याची विनंती त्यांना कशी करावी? अण्णांची संमती असल्याशिवाय मी कोणाला काही सांगणार नाही. ज्यांनी असे काही जमवले असेल, त्यांनी कृपया लिहावे.