मदत हवी आहे: पोटातल्या महाधमनीच्या फुग्यावर स्टेंट ग्राफ्ट बसवलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. आमचे अण्णा, वय 74, पंचवटीत राहतो. मुतखड्याची शंका म्हणून सोनोग्राफी केली, तर खडा राहिला बाजूला, महाधमनीला 5.8 सेंमीचा फुगा निघाला. पुरुषांत साधारण 5.5 च्या पुढे दुरुस्ती सुचवतात, त्यामुळे करायचं हे ठरलंय. (विडी सोडली म्हणतात. सदऱ्याच्या खिशात काडेपेटी मात्र अजून सापडते.)

घोडं अडलंय ते पोट उघडून करायचं की जांघेतून स्टेंट ग्राफ्ट (धमनीच्या आत बसवायची जाळीदार नळी), यावर. डॉक्टर "चार दिवसांत घरी" एवढंच सांगतात, पुढचं विचारलं की घड्याळ बघतात. या दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या ब्रिटनमधल्या ईव्हार-1 चाचणीचे 15 वर्षांचे निष्कर्ष 2016 मध्ये आले. सुरुवातीला स्टेंट ग्राफ्टवाले कमी दगावतात, पण तो फायदा टिकत नाही, आणि 8 वर्षांनंतर पारडं उलटं फिरतं. ग्राफ्टच्या कडेने फुग्यात रक्त झिरपत राहिलं तर तो पुन्हा वाढून फुटू शकतो, म्हणून तपासणी जन्मभर. ते ग्राफ्ट जुन्या पिढीचे होते हे खरं, तरी मन धजावत नाही.

त्यात क्रिएटिनिन 1.7, म्हणजे मूत्रपिंड आधीच जरा कमजोर. दरवर्षी डाय देऊन सीटी नकोच वाटतं.

कुणाच्या घरी पाच-सात वर्षांपूर्वी हे झालंय का? पुन्हा काही करावं लागलं? आणि नाशकात ग्राफ्टची डुप्लेक्स सोनोग्राफी (रक्ताचा प्रवाहही दाखवणारी) नीट करणारं कुणी आहे, की दरवेळी मुंबई गाठावी लागते?