मिक्सर ७५० वॅटचा मागवला, ५०० वॅटचा आला; पिकअपवाला परत न्यायला तयार नाही

रानमेवा: रिटर्न टाकताना ‘वस्तू सदोष’ हे कारण दिलं होतं. पिकअपवाल्याने मिक्सरच्या बुडाची, मॉडेल आणि वॅट छापलेली पट्टी बघितली, ‘मॉडेल जुळत नाही’ म्हणाला आणि पिकअप रद्द करून गेला. चॅटवर एकच ठरलेलं उत्तर येतंय. रिटर्नची मुदत परवा संपते. पैसे क्रेडिट कार्डाने भरलेत.

पट्टीवाचक: मेख त्या कारणातच आहे. ‘सदोष’ म्हटलं की मागवलेलाच मिक्सर तुमच्याकडे आहे, फक्त बिघडलाय, असं सिस्टीम धरून चालते. पिकअपवाल्याच्या ॲपमध्ये ७५० वॅटचं मॉडेल दिसतं, हातात ५०० चं. त्याच्याशी हुज्जत घालू नका, त्याला तिथे काहीच बदलता येत नाही. मुदतीच्या आत नवी विनंती टाका, कारण ‘वेगळी वस्तू मिळाली’.

फोटो असे काढा: बुडाची पट्टी, खोक्यावरचा स्टिकर आणि कुरिअरचं लेबल एकाच चौकटीत, नंबर वाचता येतील इतक्या जवळून. खोक्यावर ७५० आणि पट्टीवर ५०० असेल तर मशीन खोक्यातच बदललेलं आहे. आधीच्या कुणी नव्या खोक्यात जुना मिक्सर घालून परत केला आणि गोदामात कुणी उघडून पाहिलाच नाही, असं घडतं. खोक्याच्या चिकटपट्टीवर दुसरी चिकटपट्टी मारलेली दिसते का बघा. लेबलवर वजन छापलेलं असेल तर तेही टिपा. खोकं फेकू नका, भांडी वापरू नका.

ग्राहकहित: चॅटवर विसंबू नका. साइटच्या तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल असतो, तिथे लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण द्यायचं असतं. ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ म्हणून हात वर केले तर विक्रेत्याचा पत्ता लेखी मागा, तो देणं त्यांना बंधनकारक आहे. जाहिरातीत सांगितल्यासारखी वस्तू नसेल तर विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. तरीही दाद लागली नाही तर तुमच्याच जिल्ह्याचा ग्राहक आयोग: ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार करायची मुदत २ वर्षं.

हिशेबनीस: बँकेत कार्डाच्या या व्यवहारावर ‘डिस्प्यूट’ (हरकत) टाका, पण ‘फ्रॉड’ म्हणू नका. फ्रॉड म्हटलं की कार्ड ब्लॉक होतं आणि तक्रार भलत्याच खात्यात जाते. ‘वर्णनाप्रमाणे वस्तू नाही’ हे कारण द्या, रिटर्न नाकारल्याचा स्क्रीनशॉट जोडा. पुढे ‘रिफंड झाला’ दिसलं आणि स्टेटमेंटमध्ये आला नाही, तर साइटकडून एआरएन (रिफंडचा संदर्भ नंबर) मागा. त्या नंबरावरून बँकेला पैसा शोधता येतो.

रानमेवा: खोक्यावर ७५० च आहे! पण ओटीपी आम्ही खोकं न उघडताच दिला होता. त्यावर अडवतील का?

ग्राहकहित: तसं म्हणून बघतील. ओपन बॉक्स डिलिव्हरी (खोकं तुमच्यासमोर उघडून दाखवतात ती) नव्हती ना? मग ओटीपीने पार्सल पोचलं एवढंच ठरतं, आत काय होतं ते नाही. ईमेलमध्ये हे वाक्य आधीच घाला.